चादरीवरचा मोर रात्री कुठे जातो? मुलांना सांगायच्या वेडगळ गोष्टींविषयी एक प्रश्न

लेकीचा बाबा (विजापूर रोड, सोलापूर)

नमस्कार. माझी मुलगी पाच वर्षांची आहे आणि रात्री गोष्ट ऐकल्याशिवाय ती डोळे मिटत नाही. सुरुवातीला मी ससा-कासव, टोपीवाला आणि माकडे, भोपळ्यातली म्हातारी अशा आपल्या नेहमीच्या गोष्टी सांगत असे; परंतु हा साठा दोन महिन्यांत संपला, आणि एका रात्री काहीच सुचेना म्हणून मी अंगावरच्या चादरीतल्या मोराकडे बोट दाखवून सांगितले की, सगळे झोपले की हा मोर चादरीतून खाली उतरतो आणि सिद्धेश्वर तलावावर पाणी प्यायला जातो. मुलगी ताडकन उठून बसली. "मग चादरीला मोराएवढं भोक पडत असेल ना?" असे तिने विचारले. मी म्हटले, पडते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे त्या भोकातून जी थंडी आत येते, ती पण मोरासारखीच असणार." खरे सांगतो, वयाची चाळिशी आली तरी असे एक वाक्य मला कधी सुचलेले नाही.

तेव्हापासून आमच्या घरी रोज रात्री वेडगळपणाला ऊत येतो. आम्हा दोघांना त्याचा आनंद आहे. माझ्या आईला मात्र तो पसंत नाही. "मुलांना चार चांगल्या गोष्टी सांगाव्यात, ज्यातून काही बोध होईल, हे काय अर्थ ना बोध?" असे तिचे म्हणणे आहे. त्यातच मागच्या आठवड्यात बालवाडीत उशिरा पोहोचल्याचे कारण ताईंनी विचारले तेव्हा, मोर परत आला नव्हता म्हणून चादरीची घडी घालता येत नव्हती, असे उत्तर मुलीने अत्यंत गंभीरपणे दिले, आणि ताईंनी मला बोलावून, मुलीला खोटे बोलायची सवय लागते आहे, लक्ष द्या, असे सांगितले. आईला आयतेच कोलीत मिळाले.

माझा प्रश्न असा आहे की, अशा गोष्टींमुळे या वयाच्या मुलांचा खऱ्या-खोट्यात खरोखरच गोंधळ होतो का? आणि तसे नसेल, तर दुसरी अडचणही सांगून टाकतो. टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर हिशेब लिहून घरी आल्यावर रोज नवे वेड कुठून आणायचे, हे मला कळेनासे झाले आहे. मोराला आता मी तलावावर, किल्ल्यावर, रेल्वे स्टेशनवर, सगळीकडे फिरवून आणले. पण अलीकडे मुलगी मध्येच "हे नाही पटत" असे म्हणते. काहीही घडू शकणाऱ्या गोष्टीत तिला नेमके काय पटत नाही, ते मला उमगत नाही.

निवृत्त बालवाडी शिक्षिका (जुळे सोलापूर)

मोरासारख्या थंडीचे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे. बालवाडीत एकोणतीस वर्षे काढल्यावर अशा वह्या माझ्याकडे चार झाल्या, आणि त्यांतले एकही वाक्य मोठ्या माणसाचे नाही.

आधी खऱ्या-खोट्याचे पाहू. तीन-चार वर्षांचे मूल पाटाला होडी म्हणून वल्हवते तेव्हा तो पाट आहे हे त्याला पक्के ठाऊक असते; म्हणून तर आईने जेवायला हाक मारली की ते त्याच पाटावर मुकाट्याने येऊन बसते, पोहत येत नाही. रशियन बालसाहित्यकार कोर्नेय चुकोव्स्की यांनी आपल्या मुलीविषयी एक नोंद करून ठेवली आहे. दोन वर्षांची व्हायला आलेली ती मुलगी एके दिवशी त्यांच्याकडे आली आणि कुत्रा म्याव करतो असे सांगून, आता बाबा हसतात की नाही, अशा नजरेने पाहू लागली. चुकोव्स्कींनी त्यातून काढलेला निष्कर्ष मला शिकवताना क्षणोक्षणी उपयोगी पडला: उलट्या गोष्टीची गंमत मुलाला तेव्हाच येते, जेव्हा सुलटी गोष्ट त्याला पक्की कळलेली असते. ज्या मुलाला कुत्रा भुंकतो हे अजून नीट माहीत नाही, ते या विनोदावर हसणारच नाही. तेव्हा आपली मुलगी हसत असेल, तर तिचा गोंधळ झालेला नाही.

शाळेत उशिराचे कारण म्हणून मोराला पुढे करणे ही मात्र वेगळी बाब आहे, आणि त्या ताईंची बाजूही समजून घ्यायला हवी. तीस मुलांच्या वर्गात दाराशी उभ्या असलेल्या मुलीने मोराची सबब सांगितली, तर हसावे की रागवावे हे ठरवायला वेळ नसतो. गोष्टीला दार हवे. आपल्या जुन्या कहाण्यांना ते होते. "आटपाट नगर होतं" म्हटले की आत शिरलो, आणि "साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सफळ संपूर्ण" म्हटले की बाहेर पडलो. आमच्या वर्गात एखादे मूल काही अचाट सांगू लागले की मी न रागावता विचारत असे, "हे आटपाटातलं की आपल्या घरातलं?" दहापैकी नऊ मुले तत्काळ आणि प्रामाणिकपणे "आटपाटातलं" असे सांगत. दहावे मूल विचारात पडे, आणि त्याच्याशी दोन मिनिटे बसून बोलावे लागे. आपणही हे दार लावून पाहा.

आता तिला काय पटत नाही, त्याविषयी. माझा अंदाज असा आहे की, आपण एकाच गोष्टीत फार नियम मोडत असणार. वेडगळ गोष्टीत एकच नियम मोडायचा आणि बाकीचे सगळे डोळ्यांत तेल घालून पाळायचे, ही या कामातली खरी मेख आहे. चिऊ-काऊच्या गोष्टीत पक्षी बोलतात आणि घरे बांधतात, तेवढे आपण मान्य करतो. पण त्यापुढे शेण हे शेणासारखे वागते आणि मेण मेणासारखे. पाऊस आला की शेणाचे घर वाहून जाते, मेणाचे राहते. भोपळा टुणूक टुणूक चालत असला तरी वाघाला भूक लागलेलीच असते, आणि लेकीकडे खाऊन-पिऊन म्हातारी जाड झालेलीच असते. मोर चादरीतून उतरला, हा एक नियम मोडला. त्यानंतर भोक पडले पाहिजे, थंडी आली पाहिजे, पाय ओले झाले पाहिजेत. आपण मोराला रेल्वेत बसवले आणि त्याच्याकडे तिकीट मागायला कोणी आलेच नाही, तर पाच वर्षांची मुलगी "हे नाही पटत" असे म्हणणारच. गोष्ट खोटी असल्याबद्दल तिची तक्रार नाही. ढिसाळ असल्याबद्दल आहे.

रोज नवे काय आणायचे, यावर इटलीचे बालसाहित्यकार जान्नी रोदारी यांची एक युक्ती फार कामाची आहे. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे, उदाहरणार्थ त्यांचेच 'कुत्रा' आणि 'कपाट', आणि ते निरनिराळ्या प्रकारे जोडून पाहायचे. इटालियन भाषेत त्यासाठी वेगळी शब्दयोगी अव्यये लावावी लागतात. आपल्याकडे तर विभक्तीचे प्रत्यय तयारच आहेत. मी हा खेळ 'रिक्षा' आणि 'भाकरी' घेऊन वर्गात कितीदा तरी खेळले आहे. रिक्षातली भाकरी, रिक्षावरची भाकरी, भाकरीसाठी रिक्षा, भाकरीची रिक्षा. शेवटच्या जोडीपाशी मुले थांबली की समजावे, इथे गोष्ट आहे. कडक भाकरी गोल असते, टणक असते, आठ-आठ दिवस टिकते. तेव्हा रिक्षाला तीच चाके लावली. एवढाच एक नियम मोडला. मग पाऊस आला तर काय होईल, असे मी विचारले. चाके मऊ पडतील. मऊ पडली तर? रिक्षावाला आमटी घेऊन येईल, असे एक मुलगा म्हणाला. गाय मागे लागेल, असे दुसरीने सांगितले. आणि स्टेपनी कुठे आहे, असे मी विचारले तेव्हा मागच्या रांगेतला, एरवी महिनाभर तोंड न उघडणारा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "ती मघाशी बसलेल्या पाहुण्यानं खाल्ली, शेंगाचटणी लावून." त्या दिवशी गोष्ट मी सांगितली नाही, मी फक्त "मग?" असे विचारत होते.

आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा आणि एवढेच विचारा की, मुंगी आकाशात उडाली आणि तिने सूर्य गिळला, हे कोणी सांगितले? मुक्ताईंनी. पाण्याला तहान लागली, हे? एकनाथांनी. त्या रचनांचा अर्थ अध्यात्माचा आहे आणि त्या पोरांसाठी रचलेल्या नाहीत, हे मी जाणते. पण जगाची उलटापालट करून ऐकणाऱ्याला जागे करायची रीत आपल्या मातीत जुनी आहे, एवढे तर मान्य व्हावे. त्यांचा आक्षेपही नवा नाही. १९२८ साली लेनिन यांच्या पत्नी नादेझ्दा क्रुप्स्काया यांनी 'प्रावदा' या वृत्तपत्रात चुकोव्स्की यांच्या मगरीवरच्या पद्यकथेला असेच फटकारले होते, की यातून मुलांना मगरीविषयी खरे ज्ञान मिळण्याऐवजी भलतेच काही मिळते. तेव्हा आजी एकट्या नाहीत, चांगल्या मोठ्या संगतीत आहेत.

मागवाले आजोबा (अशोक चौक)

बाईंचे म्हणणे मान्य आहे, पण मोराच्या भोकाविषयी मला एक दुरुस्ती सुचवायची आहे, कारण माझी चाळीस वर्षे मागावर गेली आहेत. आपल्या चादरीवरचा मोर छापलेला नसतो, तो विणलेला असतो. जकार्डच्या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ वर फिरत असते, आणि कोणते उभे धागे उचलायचे ते प्रत्येक पत्तीवरची भोके ठरवतात. एखादी पत्ती मागेपुढे झाली तर मोराची मान मोडते. शिवाय चादर दोन्ही बाजूंनी पाहिली तर नक्षी दोन्हीकडे दिसते, रंगांची तेवढी अदलाबदल झालेली असते. त्यामुळे वरचा मोर तलावावर गेला, तरी खालच्या बाजूचा उलट्या रंगाचा मोर जागेवर असणारच, आणि थंडी तो अडवून धरील. भोक पडायचे असेल, तर दोन्ही मोर एकदम गेले पाहिजेत. ते आपापसांत ठरवून जातात की भांडून जातात, ते आपल्या मुलीला विचारावे.

दुसरे असे की, मोर धाग्याचाच असल्यामुळे जाताना त्याचा धागा उसवत जाणार. सिद्धेश्वर तलावापर्यंत रस्ताभर धागा पसरेल, आणि सकाळी कोणालातरी तो कांडीवर गुंडाळत गुंडाळत परत आणावा लागेल. माझ्या नातवाला मी हे सांगितले तेव्हा, वाटेत रिक्षा गेली तर धागा तुटेल आणि मग मोर शेपटाविना परत येईल, या काळजीने तो अर्धा तास जागा राहिला. कामाचे तपशील गोष्टीत घातले की मुले त्यांना घट्ट धरून ठेवतात. माझ्या नातवाला ताणा, बाणा, धोटा, कांडी हे शब्द कोणी शिकवलेले नाहीत. मोराच्या पाठीमागे धावताना ते त्याच्या तोंडात बसले.

आमच्या घरात तेलुगू बोलतात, शेजारी कन्नड आणि शाळेत मराठी, आणि सोलापूरच्या पूर्व भागात हे घरोघरी असेच आहे. यातून जो गोंधळ होतो, तो कोणत्याही गोष्टीपेक्षा कमी नाही. आमच्याकडे दुधाला पालु म्हणतात. नातवाचा मराठी मित्र खेळायला आला असता माझ्या सुनेने घरातल्या घरात "पालु" आणायला सांगितले, आणि पेल्यातून पाल येणार या समजुतीने ते पोर खुर्चीवर चढून बसले. शेजारच्या कन्नड आजींकडे कुत्र्याला नायि म्हणतात, तेव्हा "दारात कोण आहे?" याला "नाय" असे उत्तर आले, तर दारात कोणी नाही की कुत्रा आहे, यावर दोन्ही नातवंडे तासभर लोळून हसतात. आता त्यांनी मिळून एक राज्य काढले आहे, जिथे सर्व जण पालीचा चहा पितात आणि "नाय" म्हटले की कुत्रा धावत येतो, त्यामुळे तिथे कोणालाही कशालाच नकार देता येत नाही. हे राज्य माझ्या डोक्यातून आलेले नाही. मी फक्त कुत्र्याला खायला काय घालतात, ते विचारले होते.

दोन मुलांची आई (सात रस्ता)

वरचे सगळे वाचून हसू आले, परंतु दुसरी बाजूही कोणीतरी मांडायला हवी. आमच्याकडे दररोज पाणी येत नाही, म्हणून मी धाकट्याला गच्चीवरच्या टाकीत राहणाऱ्या एका गृहस्थांची गोष्ट सांगितली, जे पाणी आले नाही की नळातून तोंड बाहेर काढून "आज सुट्टी" असे ओरडतात. मला ती फार विनोदी वाटली होती. धाकटा चार दिवस बाथरूममध्ये एकटा जायला तयार नव्हता, आणि नळ सोडताना डोळे झाकून घेत होता. मोठ्या मुलीने हीच गोष्ट पोट धरधरून ऐकली होती. ती सात वर्षांची आहे, तो साडेतीन.

याशिवाय, रात्री हसण्याचा कार्यक्रम सुरू झाला की आमच्याकडे कोणी झोपत नाही. साडेनऊला सुरू केलेली गोष्ट अकरापर्यंत चालते, आणि सकाळी उठवताना जो प्रसंग घडतो, त्यात काहीच विनोदी नसते. तिसरी बाब थोडी नाजूक आहे. आमचे एक नातेवाईक मुलांना फार हसवतात, पण त्यांच्या सगळ्या गोष्टींत कोणीतरी जाड्या, तोतऱ्या किंवा काळा असतो. माझ्या मुलीने वाण्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकासमोर ते शब्द जसेच्या तसे उच्चारले, तेव्हा मला तोंड लपवायला जागा उरली नाही. वेडगळपणाची हौस सर्वांनाच असते. कोणाचे वेड चालेल, हे कोणी ठरवायचे?

निवृत्त बालवाडी शिक्षिका (जुळे सोलापूर)

ताई, तिन्ही मुद्दे रास्त आहेत. तिसऱ्याचे उत्तर सोपे आहे, कारण वस्तूंना, प्राण्यांना आणि स्वतः गोष्ट सांगणाऱ्याला वेडे करता येते. माझ्या गोष्टींतल्या बाई नेहमी चष्मा डोळ्यांवर लावून चष्माच शोधत असत. मुलांना मोठ्या माणसाची फजिती पाहायला फार आवडते, आणि त्यात दुखावले कोणी जात नाही.

टाकीतल्या गृहस्थांना मुलाच्या हाती द्यायला हवे होते. साडेतीन वर्षांच्या मुलाला "भिऊ नकोस, तसं काही नसतं" असे म्हणून उपयोग होत नाही. त्यापेक्षा त्या गृहस्थांनाच मुलाची गरज आहे असे दाखवावे. त्यांना सर्दी झाली आहे, टाकीत सारखे भिजून. आता त्यांना कोरडे कसे करायचे, हे धाकट्याने सांगायचे. तो जो उपाय सांगेल तो कितीही अशक्य असला तरी गोष्टीत चालू द्यावा. राक्षसाला काम लावून देणारे मूल त्याला फारसे भीत नाही. अगदीच घाबरले तर मात्र गोष्ट तिथेच सोडून द्यावी, ओढाताण करू नये.

झोपेसाठी मी पालकांना सांगत असे की, हसवायच्या गोष्टी संध्याकाळी दिवेलागणीला किंवा जेवताना सांगाव्यात, आणि अंथरुणावर गोष्ट लांबवायची ती एकसुरी. चिमणी दार उघडत नाही आणि तेच ते सांगत राहते, थांब माझ्या बाळाला अंघोळ घालू दे, थांब माझ्या बाळाला गंध लावू दे. हे ज्याने कोणी रचले, त्याला पोराला झोपवायचेच होते याबद्दल मला शंका नाही.

लेकीचा बाबा (विजापूर रोड, सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवस आपण सांगितलेले करून पाहिले आणि मगच लिहायला बसलो.

आटपाट नगराचे दार लावले. बालवाडीच्या ताईंनाही ते सांगितले, आणि त्यांनी ते लगेच उचलले. आता वर्गात कोणीही काही सांगू लागले की बाकीची मुलेच "आटपाट, आटपाट" असे ओरडतात, त्यामुळे त्यांना दुसरीच डोकेदुखी झाली आहे, असे त्या हसत म्हणाल्या. मोराची गोष्ट आम्ही जेवणाच्या ताटावर आणली. आजोबांची दुरुस्ती मुलीला जशीच्या तशी वाचून दाखवली, तेव्हा तिने उठून चादर उलटी करून पाहिली, खालचा मोर सापडल्यावर त्याला "तू इतके दिवस गप्प का होतास?" असे विचारले, आणि मग स्वतःच ठरवून टाकले की, दोन्ही मोर पाळीपाळीने जातात, एक दिवस वरचा, एक दिवस खालचा, कारणे दोन, थंडी अडवायची असते आणि धागा एकच आहे. मी एक शब्दही सुचवला नव्हता.

परवा रात्री पाऊस पडत होता. मुलगी सांगत होती की, वरचा मोर भिजून परत आला आणि चिखलाचे पाय घेऊन सरळ चादरीत शिरला. कोपऱ्यात वाती वळत बसलेली माझी आई, जिने या सगळ्या प्रकाराला नावे ठेवण्यापलीकडे गोष्टीत आजवर एक अक्षरही घातले नव्हते, मान वर न करता म्हणाली, "असा कसा शिरेल? दाराशी टॉवेल टाकलाय ना, त्याला पाय पुसून यायला सांग. चादर मी कालच धुतलीय."